पडद्यावरील चित्राची साक्ष



वसंतातल्या या ज्ञानसत्रात इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा एखाद्या लढाईची, किल्ल्याची, निदान एखाद्या कर्त्या पुरुषाच्या चरित्राची असते. मी मात्र आज आपल्यापुढे एका साध्या कळेचा इतिहास मांडणार आहे. संगणकाच्या कळफलकावर उजव्या हाताला, वरच्या ओळीत 'प्रिंट स्क्रीन' अशी अक्षरे असलेली एक कळ असते. ती दाबली की पडद्यावर त्या क्षणी जे दिसत असेल त्याची हुबेहूब प्रतिमा निघते. फोनवर दोन बटणे एकदम दाबून हेच काम होते. या प्रतिमेला आपण सर्व जण स्क्रीनशॉट म्हणतो. मग ही प्रतिमा छायाचित्रे दुरुस्त करण्याच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये नेऊन चिकटवायची, हवी तेवढी कातरायची, तिच्यावर बाण काढायचे, नको ते पुसायचे, हे आज शाळेतली मुलेही करतात.

यात इतिहास तो कसला, असे कोणी विचारील. त्याला मी आपल्या पेठेतल्या किराणा दुकानात नेईन. समजा, गिऱ्हाईक साखर आणि तेल घेते, फोन पुढे करते आणि म्हणते, ''काका, पैसे पाठवले, हे बघा.'' पडद्यावर हिरवी खूण आहे, रक्कम आहे, तारीख आणि वेळ आहे. काका मान डोलावतात. रात्री हिशेबाला बसतात, तो खात्यात ती रक्कम जमाच नाही! त्यांना दाखवले गेले ते मागे कधीतरी काढून ठेवलेले पडद्याचे चित्र होते, आणि त्यातली रक्कम व तारीख तेवढी नव्याने चिकटवलेली होती. अशा फसवणुकीच्या बातम्या आपण वाचतो. त्या वेळी काकांच्या मनात जो प्रश्न उभा राहायला हवा होता, 'हा कागद अस्सल की बनावट?', तो इतिहास-संशोधकाचा पहिला प्रश्न होय. म्हणून हा विषय इतिहासाचा आहे.

आरंभ पडद्यापासूनच करू. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन याने १८९७ साली विद्युत्-किरणांची काचनळी तयार केली. किरण काचेवरील लेपावर आदळला की तेथे ठिपका उजळतो आणि क्षणार्धात विझतो. पुढे पाऊणशे-शंभर वर्षे प्रयोगशाळांतले, दूरचित्रवाणीचे आणि संगणकाचे पडदे मुख्यत्वे याच नळीचे होते. त्यावरचे चित्र म्हणजे पाण्यावरची रेघ. ते दिसते, कारण किरण तेच चित्र सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुन्हा पुन्हा रेखीत असतो; किरण थांबला की चित्र नाहीसे. ते टिपून ठेवायचे तर एकच उपाय होता. खोली अंधारी करायची, पडद्यासमोर तिवईवर कॅमेरा ठेवायचा आणि झडप जरा जास्त वेळ उघडी ठेवायची. सेकंदाच्या साठाव्या भागाहून लवकर ती मिटली तर पडद्याचा काही भागच उजळ उमटे, उरलेला काळा राही. नळीची काच फुगीर असल्याने सरळ रेघाही चित्रात वाकड्या दिसत.

अमेरिकेतील बेन लापोस्की या गृहस्थाने १९५० च्या सुमारास विद्युत्-लहरी दाखविणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर सुंदर वळणाकृती निर्माण केल्या आणि त्या अशाच कॅमेऱ्याने टिपल्या. १९६३ साली इव्हान सदरलँड याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत 'स्केचपॅड' हा प्रबंध सादर केला. प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर थेट रेखाटन करता येते, हे त्यात जगाला प्रथम नीट दिसले. त्या पडद्यावरच्या आकृती आज आपण पाहू शकतो, त्या कोणी पडद्यासमोर कॅमेरा उभा केला म्हणून. या काळातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाहिली जाणारी वस्तू आणि तिचा साक्षीदार ही दोन निराळी होती. पडदा संगणकाचा, चित्र कॅमेऱ्याचे. साक्षीदार यंत्राच्या बाहेर उभा होता, आणि म्हणूनच त्याच्या साक्षीला वजन होते.

हे अंतर मिटविले ते एका नव्या कल्पनेने. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावर आडवे ६०६ आणि उभे ८०८ ठिपके होते, म्हणजे एकूण ४,८९,६४८. यातला प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, याची नोंद यंत्राच्या स्मृतीत केलेली असे. आता पडदा हा त्या नोंदवहीचा आरसा झाला. चित्र टिपण्यासाठी कॅमेरा कशाला हवा? नोंदवहीतले आकडे उतरवून घेतले की काम झाले. साक्षीदार यंत्राच्या आत गेला. किंबहुना वस्तू आणि साक्षीदार एकाच मातीचे झाले.

याच केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७४-७५ च्या सुमारास 'जिप्सी' नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम रचला. मजकूर एका जागेवरून दुसरीकडे हलविण्याची सोय त्यापूर्वीही निरनिराळ्या रूपांत होती. परंतु कापणे, नक्कल करणे आणि चिकटविणे हे आज सर्वांच्या अंगवळणी पडलेले त्रिकूट येथे आकाराला आले. नावे मात्र यंत्रशास्त्रातली नव्हेत, ती संपादकाच्या टेबलावरची आहेत. हस्तलिखिताचा परिच्छेद कात्रीने कापून, खळ लावून दुसऱ्या पानावर डकविणे हे वृत्तपत्राच्या कचेरीत रोजचेच काम होते. आपल्याकडेही जुन्या संपादकांना कात्री आणि खळ यांचे महत्त्व सांगावे लागत नसे. फरक एवढाच की, कागद कापला म्हणजे मूळ जागी भोक पडते आणि डकविलेल्या जागी कागद जाड लागतो. बोट फिरवले की कळते. संगणकाच्या खळीला ना भोक, ना जाडी. टेस्लर पुढे १९८० साली ॲपल कंपनीत गेला, आणि तिच्या १९८३ च्या 'लिसा' व १९८४ च्या 'मॅकिंटॉश' या संगणकांबरोबर ही खळ घरोघर जाऊ लागली.

आता आपल्या कळेकडे वळू. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक वापराचा संगणक बाजारात आणला. त्याच्या कळफलकावर ही कळ होती, आणि तिचा अर्थ नावाप्रमाणे अगदी सरळ होता : पडदा छापा. पडद्यावर ऐंशी अक्षरांच्या पंचवीस ओळी मावत. कळ दाबली की ती दोन हजार घरे यंत्र ओळीने वाची आणि जोडलेल्या छपाईयंत्राकडे पाठवी. कागद कर्कश आवाज करीत बाहेर येई. पडद्याची पहिली अवस्था ही अशी कागदाची होती. मॅकिंटॉशवर १९८४ साली दुसरी अवस्था आली. ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा तो चिमुकला काळा-पांढरा पडदा. तीन कळा एकदम दाबल्या की त्याचे चित्र तबकडीवर साठविले जाई. आणि ते साठविले जाई बिल ॲटकिन्सनने लिहिलेल्या 'मॅकपेंट' या चित्रकामाच्या प्रोग्रॅमच्या रूपात! याचा अर्थ नीट पाहा. पडद्याची साक्ष नोंदविली जात होती ती थेट चित्रकाराच्या वहीत; जेथे खोडरबर आणि कुंचला आधीच मांडून ठेवलेले होते.

तिसरी अवस्था मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोजची. १९९० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ही कळ दाबली की कागद निघत नसे, नोंदही साठत नसे. वरवर पाहता काहीच घडत नसे. नवशिक्याला वाटे, कळ बिघडली. प्रत्यक्षात पडद्याचे चित्र 'क्लिपबोर्ड' नावाच्या अदृश्य पाटीवर उतरलेले असे, आणि ते कोठेतरी चिकटविल्याखेरीज डोळ्यांना दिसत नसे. छापील कागदाला स्वतःचे अस्तित्व होते. साठविलेल्या चित्रालाही नाव-गाव होते. पाटीवरच्या चित्राला यांतले काहीच नाही. दुसरे काही उचलले की ते पुसले जाते. ते जन्मालाच येते ते कोठेतरी डकविले जाण्यासाठी.

आणि डकविण्याची जागाही त्याच वर्षी सजून तयार झाली. टॉमस नोल हा मिशिगन विद्यापीठात शिकत असताना त्याने १९८७ च्या सुमारास मॅकिंटॉशच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखविण्याचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांतील दृश्यचमत्कार घडविणाऱ्या कंपनीत होता. दोघा भावांनी मिळून तो वाढविला, अडोबी कंपनीशी करार केला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये 'फोटोशॉप' या नावाने तो बाजारात आला. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात थरांची सोय झाली. त्यापूर्वी चिकटविलेला तुकडा एकदा खाली टेकला की मूळ चित्रात मिसळून जाई. आता तो पारदर्शक कागदासारखा वेगळा राहू लागला आणि केव्हाही सरकविता येऊ लागला. पाटीवर पडद्याचे चित्र असताना नवे पान मागितले, तर हा प्रोग्रॅम बरोबर त्या मापाचेच पान पुढे करतो. इतके हे दोघांचे सूत जमले.

येथे कोणी म्हणेल, चित्रातली बनवाबनवी काय फोटोशॉपने आणली? मुळीच नाही. छायाचित्रण १८३९ साली जाहीर झाले, आणि पुढच्याच वर्षी इपोलित बायार या फ्रेंच माणसाने स्वतःला बुडून मेलेला दाखविणारे छायाचित्र काढले, तेही आपल्या शोधाची कदर झाली नाही या रागाने. १८५७ साली ऑस्कर रेलँडर याने तीसाहून अधिक काचा जुळवून एक भव्य देखावा रचला. सोव्हिएत रशियात स्टालिनबरोबर कालव्याकाठी उभा असलेला निकोलाय येझोव १९४० साली मृत्युदंडाला गेला, आणि पुढे त्या छायाचित्रातून त्याची आकृतीही नाहीशी झाली. त्याच्या जागी पाणी तेवढे उरले. १९८२ च्या फेब्रुवारीत 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तचे पिरॅमिड यंत्राच्या साहाय्याने जवळ सरकविले गेले, केवळ उभ्या पानात मावावेत म्हणून. तेव्हा बनवाबनवी जुनीच.

तरीसुद्धा पडद्याच्या चित्राच्या बाबतीत एक गोष्ट खरोखर नवी आहे, आणि माझ्या सांगण्याचा गाभा तोच आहे. छायाचित्र हे सूर्यप्रकाशाचे असते. त्यातल्या कोणत्याही दोन जागा सारख्या नसतात. छाया, कण, उजेडाची दिशा, सर्व बदलते. त्यामुळे दुसरीकडचा तुकडा आणून बसविणाऱ्याला कसब लागते आणि तरीही पारख्याला सांधा सापडतो. हस्ताक्षराचेही तसेच. खोटा कागद करणाऱ्याला दुसऱ्याचे वळण गिरवावे लागते, आणि हात कोठे तरी अडखळतो. पडद्यावरच्या अक्षराला हातच नाही! एका ठशातला पाचाचा आकडा दुसऱ्या पाचासारखा बहुधा ठिपक्यान् ठिपका सारखा असतो. पाचाच्या जागी नऊ बसवायचा, तर तोच नऊ त्याच पडद्यावर शेजारी हजर असतो. उचलायचा आणि ठेवायचा. कसब लागत नाही, सांधा राहत नाही. खोटा दस्तऐवज करणे ही पूर्वी एक दुष्ट कला होती. आता ती कला उरली नाही, दुष्टपणा तेवढा उरला.

इतकेच नव्हे. काही वेळा चित्राला हातसुद्धा लावावा लागत नाही. जालपृष्ठावरचा मजकूर आपल्या संगणकापुरता बदलण्याची सोय ब्राउझरमध्येच असते. तो बदलून मग कळ दाबली, तर निघालेले चित्र पूर्णपणे अस्सल असते, त्यात कोठेही खाडाखोड नसते, आणि तरी त्यातला शब्द न् शब्द खोटा असू शकतो. साक्षीदार प्रामाणिक आहे. पण त्याला दाखविलेले दृश्यच बनावट होते.

मी या कळेचा वैरी आहे असे मात्र समजू नये. तिचे उपकार मोठे आहेत. यंत्र कोठे अडले हे शंभर शब्दांत सांगता येत नाही, ते एका चित्राने कळते. मराठीवर तर तिचे विशेष ऋण आहे. १९९० नंतरच्या दशकात देवनागरीचे ठसे करणाऱ्या प्रत्येकाची अक्षरांच्या क्रमांकांची मांडणी वेगळी होती. एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की 'क'च्या जागी भलतेच चिन्ह दिसे. तेव्हा अनेकांनी मराठी मजकुराचे चित्र करून ते धाडण्याची युक्ती काढली. चित्रातली अक्षरे बिघडत नसत. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरी १९९१ पासून होती, परंतु घरगुती संगणकांवर ती रुळायला पुढचे दशक उजाडावे लागले. पण या उपकाराचीही मर्यादा आहे. अक्षराचे चित्र म्हणजे अक्षर नव्हे. यंत्राला त्यात शब्द थेट शोधता येत नाही, आणि अंधांसाठी मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रॅमला चित्रातला मजकूर ओळखण्याची वेगळी मदत लागते. ती नसेल तर तो त्यापुढे मुका होतो.

साक्षीचा प्रश्न जगाने कसा सोडविला, हे आता पाहू. प्रथम जागे झाले ते शास्त्रज्ञ. पेशींचा अभ्यास प्रसिद्ध करणाऱ्या 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी' या नियतकालिकाने २००२ पासून स्वीकारलेल्या लेखांतील चित्रे छापण्यापूर्वी तपासण्यास आरंभ केला, आणि ही तपासणी त्याच फोटोशॉपमध्ये होत असे! उजेड-अंधाराचे प्रमाण ताणले की पुसलेली जागा उघडी पडते. ज्या हत्याराने लपविले त्याच हत्याराने शोधले. चित्र साठविण्याच्या पद्धतीही बोलक्या असतात. १९९२ ची 'जेपेग' पद्धत चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून बारीक तपशील गाळते. त्यामुळे अक्षरांच्या कडा धुरकट होतात, आणि नंतर चिकटविलेला भाग काही वेळा या चौकोनांच्या जाळीत विसंगत दिसतो. १९९६ ची 'पीएनजी' पद्धत काहीच गाळत नाही, म्हणून पडद्याच्या चित्राला ती योग्य.

कधी यंत्रच चुगली करते. २०२३ च्या मार्चमध्ये असे उघडकीस आले की, गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये आणि विंडोजच्या एका साधनात चित्र कातरले, तरी कातरून टाकलेल्या भागातील बराचसा मजकूर त्याच नोंदीच्या शेपटीला शिल्लक राही आणि जाणकाराला परत मिळविता येई. लोकांनी पत्ते आणि खात्यांचे आकडे कापले म्हणून निर्धास्तपणे चित्रे धाडली होती! दोष दूर केला गेला. परंतु आधी जगभर गेलेली चित्रे कोण परत आणणार?

न्यायालयांनाही हा प्रश्न चुकला नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने आपल्या जुन्या पुरावा कायद्यात '६५ ब' हे कलम घातले. त्याचा अंतिम अर्थ ठरला तो आपल्या मराठवाड्यातल्या एका खटल्यात. जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले की नाही, असा वाद होता, आणि निवडणूक कचेरीतील चित्रफीत पुराव्यात आली होती. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ यंत्र न्यायालयापुढे आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर ठीक. एरवी नकलेसोबत ती कोठून, कशी निघाली याचे प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्रात नोंदीचा एक गणिती ठसाही द्यावा लागतो. नोंदीतला एक ठिपका जरी बदलला तरी हा ठसा पार बदलतो.

हे ऐकून आपल्याला काही आठवले का? शिवकालीन पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा उमटविलेली असते. तिला मोर्तब म्हणत. पत्र येथे संपले, याखाली कोणी ओळ वाढविली तर ती आमची नव्हे, असा तिचा अर्थ. चिकटविणाऱ्यांचे भय त्या काळीही होते, आणि त्यावरचा तोडगाही होता. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. या परंपरेने महाराष्ट्राला एक शिस्त लावली. कागद काय म्हणतो हे नंतर. आधी तो कोणाच्या दप्तरातून आला, कोणी लिहिला, मूळ आहे की नक्कल, तारखेचा मेळ बसतो का, दुसरा स्वतंत्र कागद तेच सांगतो का, हे पाहा. मोडी वाचणाऱ्या थोड्या विद्वानांपुरती ही शिस्त पुष्कळ काळ पुरेशी होती, कारण खोटे कागदही थोडेच होते.

आज प्रत्येकाच्या खिशात दप्तर आहे, आणि प्रत्येकाच्या बोटाशी कात्री व खळ. कोणा पुढाऱ्याच्या नावचा संदेश, कोणा शिक्षकाच्या नावचे लाजिरवाणे संभाषण, दोन समाजांत आग लावणारे वाक्य यांचे चित्र संध्याकाळी येते आणि रात्रीपर्यंत हजारो हातांतून पुढे जाते. एखाद्या निरपराध माणसाची अब्रू त्यात जाते. कधी गावची शांतताही जाते. ते खोटे होते हे सिद्ध व्हायला वेळ लागतो, पुढे ढकलायला लागत नाही. म्हणून जी शिस्त संशोधकाची होती ती आता नागरिकाची झाली पाहिजे. चित्र आले की त्याच्या चेहऱ्याकडे पाहू नये, त्याचे कूळ विचारावे. मूळ संदेश कोठे आहे? तो कोणाच्या फोनवर आहे? तो उघडून दाखविता येईल का? दुसरीकडून त्याला दुजोरा आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर ते चित्र पुढे पाठविणे म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणे होय.

आणि आपल्या किराणा दुकानातल्या काकांना काय सांगाल? गिऱ्हाइकाचा अपमान करू नका, त्याच्या पडद्याशी वादही घालू नका. आपल्या खात्यात रक्कम जमा झाली का, एवढे आपल्याच फोनवर पाहा आणि मगच साखर बांधा. राजवाड्यांची सारी पद्धती या एका वाक्यात आहे. नक्कल दुसऱ्याच्या हाती असते, मूळ कोठे आहे ते आपण जाऊन पाहायचे असते.